१९६९ च्या कॅमारोला कोणते शॉक घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. गेल्या वर्षी रिस्टोअर केलेली शेवरोलेची १९६९ ची कॅमारो एसएस घेतली. ३५० घनइंचाचं इंजिन, चार गिअरचा हाती बॉक्स. आधीच्या मालकाने पुढे दोन इंच खाली बसवणाऱ्या कॉइल टाकल्या, मागे नवे पाटे (लीफ स्प्रिंग), चारी बाजूंना जास्त दाबाचे गॅस शॉक आणि १७ इंची चाकं. पुलाच्या सांध्यावरून जाताना पुढून ‘ठक्क’ असा आवाज येतो आणि हातापर्यंत झटका पोचतो. वळणात खडबडीत रस्ता लागला की मागची बाजू उड्या मारत बाहेर सरकते. गॅरेजवाला म्हणतो, चारी कोपऱ्यांत कॉइलओव्हर (शॉकभोवतीच कॉइल बसवलेला जोड) टाका. मित्र म्हणतो, सगळ्यात महागडे अ‍ॅडजस्टेबल शॉक घ्या, विषय संपला. तुम्हाला शर्यत करायची नाही. रविवारी बायको-मुलांना घेऊन साठ-सत्तर मैलांचा फेरफटका, उन्हाळ्यात दोन-चार गाड्यांचे मेळे, एवढंच.

माझं उत्तर असं की सध्या काहीही विकत घेऊ नका. तुमचे शॉक कदाचित तुमच्या गाडीला चुकीचे आहेत, पण पुढच्या त्या ठक्कचं मूळ बहुतेक त्यांच्यात नाही. ते मूळ काढल्याशिवाय कुठलाही शॉक टाकलात तरी ठक्क तिथेच राहील. मी आधी पुण्यात आणि मग मिशिगनमध्ये मिळून तीसेक वर्षं सस्पेन्शनच्या कामात घालवली. जुन्या गाड्या घेऊन येणारे दहापैकी सात जण शॉक मागतात, आणि त्यांना हवी असते ती उंची, टायर किंवा बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे) यांची दुरुस्ती.

शॉक नेमकं काय करतो ते आधी बोलू, कारण नाव फसवं आहे. आपल्या गॅरेजात ‘शॉकअप’ म्हणतात, इथे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, पण खड्ड्याचा धक्का तो झेलत नाही. धक्का झेलते ती स्प्रिंग. वाड्यातला पितळी कड्यांचा झोपाळा आठवा. एकदा ढकलला की तो आपल्या लयीत मागेपुढे होत राहतो, आणि त्यावर बसलेली आजी पायाचा तळवा जमिनीला हलकेच टेकवून त्याला शांत करते. कॉइल किंवा पाटा म्हणजे झोपाळा, शॉक म्हणजे तो तळवा. तळवा टेकलाच नाही तर झोके संपत नाहीत. जोरात रोवला तर झोपाळा गचकन थांबतो आणि बसलेला पुढे आदळतो. म्हणजे कडक शॉक हा चांगला शॉक असतो असं नाही. झोपाळ्याचं वजन आणि लय यांना जुळेल एवढाच तळवा टेकवायचा असतो.

दुसरी गोष्ट, शॉकचा जोर वेगावर ठरतो. होळीची पिचकारी हळू दाबली तर पाणी सहज जातं, झटक्यात दाबली तर दांडा हाताला उलटा लागतो. शॉकमध्ये पाण्याऐवजी तेल आणि छिद्राऐवजी झडपा. गाडी वळणात कलते, ब्रेकवर नाक खाली करते तेव्हा पिस्टन सावकाश सरकतो. खड्ड्याची कड किंवा पुलाचा सांधा लागला की तोच पिस्टन कित्येक पट वेगाने जातो. चांगल्या शॉकची ओळख अशी की सावकाश हालचालीत तो गाडीला पुरेसं धरतो, आणि वेगाच्या धक्क्यात झडप उघडून वाट देतो. स्वस्त कडक शॉकमध्ये हे नेमकं उलटं असतं. कलताना तो ढिला, सांध्यावर दगड.

आता तुमची गाडी. कॅमारो पहिल्यांदा बाजारात आली सप्टेंबर १९६६ मध्ये, १९६७ चं मॉडेल म्हणून. पुढे वर-खाली दोन विशबोन (चाकाला धरणारे आर्म) आणि मध्ये कॉइल, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. मुंबईत वाढलेल्यांना ही मांडणी अनोळखी नाही. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचीही तीच होती. १९६७ च्या कॅमारोला मागे एका बाजूला एकच पाटा असायचा, आणि दोन्ही शॉक अ‍ॅक्सलच्या एकाच बाजूला. ताकदीच्या इंजिनाने जोरात सुटताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळायचा, पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकायचा, टायरची पकड सुटायची, पाटा सरळ व्हायचा, पकड पुन्हा बसायची, आणि हे सेकंदात अनेकदा. चाकं अक्षरशः थयथयाट करायची. म्हणून १९६८ पासून एक शॉक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला गेला. अ‍ॅक्सल पिळायला लागला की एक दबतो, दुसरा उघडतो, आणि त्या थयथयाटाला लय सापडत नाही. जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पाट्यांची जुडीही मिळाली. फोर्डनेही १९६८ च्या ४२८ कोब्रा जेट मस्टँगमध्ये चार गिअरच्या गाड्यांना हाच उपाय केला. तुमची १९६९ ची आहे, म्हणजे तुमच्याकडे पुढे-मागे अशी रचना असायलाच हवी. गाडीखाली वाकून खात्री करा. रिस्टोअर करताना कुणी १९६७ चे भाग लावले असतील तर मागच्या उड्यांचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

अनेक पाट्यांची जुडी ही स्वतःच थोडा शॉक असते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात झोके मरतात. हे घर्षण प्रमाणात असेल तर उपयोगाचं. गंजलं किंवा नवं-कोरं कोरडं असलं तर छोट्या सांध्यावर पाटा हलतच नाही, अडून बसतो, आणि मग एकदम सुटतो. आपल्याकडचे जुने मिस्त्री पाट्यांच्या मधे ग्रीस भरायचे ते याचसाठी. तुमच्या नव्या पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या आहेत का बघा. नसतील तर त्या आधी घाला. काम एका दुपारचं आहे.

मूळ गाडी कशी होती हेही लक्षात ठेवा, कारण लोक तिला उगीच नावं ठेवतात. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ३८० किलो वजन स्प्रिंगवर असतं, आणि चाकापाशी मोजलं तर एक मिलिमीटर दाबायला पावणेदोन किलोच्या आसपास जोर लागतो. हिशेब केला तर झोपाळ्याची लय सेकंदाला जेमतेम एक झोका येते. आजच्या खेळकर सेडानची दीडच्या जवळ असते. म्हणजे मूळ स्प्रिंगा मऊ होत्या, आणि त्या मऊपणाला जुळतील असे सौम्य, साधे तेलाचे शॉक होते. टायर बायस बांधणीचे (आतले धागे तिरपे विणलेले), बाजू उंच. त्या टायरच्या रबरातच बराच धक्का जिरायचा. ती गाडी आपल्या काळाच्या रस्त्यांना जुळवून केलेली होती. तुम्ही, म्हणजे आधीच्या मालकाने, त्यातल्या तीन गोष्टी बदलल्या: उंची, टायर आणि शॉक. चौथी गोष्ट, म्हणजे चाकाला वर-खाली जायला मिळणारी जागा, कुणी पाहिलीच नाही.

याच जागेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

अशा गाड्यांत चाक स्थिर उंचीपासून वर जायला साधारण तीन-साडेतीन इंच मिळतात, मग ते रबरी बंप स्टॉपला लागतं. पुढची उंची कॉइल बदलून दोन इंच कमी केली की उरतो एक-दीड इंच. कॉइल थोडी जास्त कडक असली तरी ही गेलेली जागा परत येत नाही. पुलाचा सांधा, दुरुस्तीचा उंचवटा, थंडीत बर्फाने फोडलेला रस्ता, यातलं काहीही आलं की चाक थेट रबरावर आपटतं, आणि आपटलं की स्प्रिंग असून नसल्यासारखी. तोच तुमचा ठक्क, असा माझा अंदाज आहे.

अंदाजावर विसंबू नका. बंप स्टॉपवर मुलांची खेळण्याची माती बोटभर जाड थापा आणि नेहमीच्या रस्त्याने दहा मैल फिरून या. माती चपटी झाली असेल तर उत्तर मिळालं. मागे आणखी सोपं आहे: शॉकचा रॉड दिसत असेल तर त्यावर झिप टाय आवळून शॉकच्या नळीला टेकवून ठेवा. फिरून आल्यावर ती किती वर सरकली तेवढा शॉक दबला.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मिशिगनला आल्यावर घेतलेली माझी पहिली जुनी गाडी १९७० ची शेवेल होती. ती मी हौसेने खाली बसवली, आणि सांध्यावर आपटायला लागल्यावर दोन वर्षांत शॉकचे तीन जोड बदलले. प्रत्येक जोड आधीपेक्षा कडक, कारण ‘आपटतंय म्हणजे शॉक कमी पडतोय’ असं मी धरून चाललो होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आलेख बघणारा माणूस स्वतःच्या गाडीखाली टेप घेऊन गेलाच नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बंप स्टॉप काढून माझ्या हातात दिला. त्याचं टोक झिजून सपाट झालं होतं आणि धातूच्या वाटीचा ठसा त्यात खोल उमटला होता. कडक शॉकने ते बरं नव्हे, वाईट केलं होतं.

वाईट कसं, ते समजून घ्या, कारण तुमच्या गाडीतही हेच होत असण्याची शक्यता आहे. शॉक दबताना आणि उघडताना वेगवेगळा जोर लावतो. रस्त्यावरच्या बहुतेक शॉकमध्ये उघडतानाचा जोर दबतानाच्या दुप्पट-तिप्पट असतो, कारण दबलेली स्प्रिंग गाडीला वर फेकते तेव्हा तिला आवरायचं असतं. पण हा जोर गरजेपेक्षा वाढला तर उंचवट्यानंतर चाक खाली यायला वेळ घेतं. ते पुरतं खाली येण्याआधी दुसरा उंचवटा, मग तिसरा. प्रत्येक वेळी स्प्रिंग थोडी आणखी दबलेली राहते, आणि ओळीने चार-पाच सांधे आले की गाडी हळूहळू खाली ओढली जाते. एक-दीड इंच जागा होती, तीही पाऊण इंच झाली. आपटणारच. मागे हेच झालं की चाक रस्ता सोडतं, आणि वळणात रस्ता सोडलेलं चाक गाडीला धरून ठेवत नाही. तुम्ही सांगितलेलं ‘उड्या मारत बाहेर सरकणं’ मला असंच वाटतं.

म्हणून पहिला खर्च शॉकवर करू नका. उंचीचा निर्णय घ्या. तुम्हाला पुढून खाली बसलेला देखणेपणा हवा आहे, तो मलाही आवडतो. त्यासाठी दुसरी वाट आहे. मूळ उंचीच्या जवळच्या कॉइल परत घाला आणि दोन इंची ड्रॉप स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वापरा. यात चाकाचा आस स्पिंडलवर वर सरकतो. गाडी खाली येते, पण विशबोन, स्प्रिंग आणि शॉक मूळ जागीच राहतात, म्हणून जागा तशीच राहते. एवढी काळजी घ्या की काही स्पिंडलमध्ये स्टेअरिंगच्या आर्मची जागा हलते आणि खड्ड्यात चाक आपोआप वळायला लागतं. घेण्याआधी विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा. तो गडबडला तर दुसरीकडे जा. स्पिंडल नको असतील तर उंची एका इंचापर्यंतच कमी करा आणि बुटके, टप्प्याटप्प्याने कडक होणारे बंप स्टॉप लावा. मूळ बंप स्टॉप कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

उंची ठरली की मग शॉकची लांबी. ब्रँड शेवटी. एका कोपऱ्याची कॉइल काढून (ही कॉइल दबलेली असते आणि चुकून सुटली तर जीव घेऊ शकते, योग्य स्प्रिंग कंप्रेसर नसेल आणि हाताशी जाणता माणूस नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या) खालचा विशबोन जॅकने वर-खाली करा आणि शॉकच्या दोन्ही टोकांमधलं अंतर तीनदा मोजा: गाडी उभी असते त्या उंचीला, बंप स्टॉपला लागतं तिथे, आणि चाक पूर्ण लोंबतं तिथे. शॉकची पूर्ण दबलेली लांबी दुसऱ्या आकड्यापेक्षा निदान अर्धा इंच कमी हवी, म्हणजे शॉकच्या पोटात धातूवर धातू आपटण्याआधी बंप स्टॉप लागेल. पूर्ण उघडलेली लांबी तिसऱ्यापेक्षा थोडी जास्त हवी. मागे बऱ्याच गाड्यांत चाकाला खाली लोंबताना शेवटी अडवतो तो शॉकच. तिथे लांबी कमी पडली तर जॅकवर उचललं की अ‍ॅक्सलचं सगळं वजन शॉकच्या रॉडवर येतं.

पुढच्या चाकांबाबत एक गोष्ट विसरू नका: शॉक विशबोनच्या साधारण मध्यावर बसतो, चाकापाशी नाही. चाक दोन इंच हललं तर शॉक एका इंचाच्या थोडा वर हलतो. कॅटलॉगातले आकडे शॉकचे असतात, तुमच्या डोक्यातले चाकाचे. दोन्ही एक समजलात तर चुकाल.

आता गॅसचा प्रश्न. ‘गॅस शॉक’ असं सरसकट बोलतात, पण त्यात दोन जाती आहेत. एक दोन नळ्यांची: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. दुसरी एका नळीची: तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन, आणि गॅसचा दाब वीस-पंचवीस बारच्या घरात. ही दुसरी कल्पना द कार्बों या फ्रेंच संशोधकाची. १९५० च्या दशकात बिल्स्टाइन या शॉक बनवणाऱ्या कंपनीने ती मर्सिडीजसाठी कारखान्यात आणली. गॅस कशासाठी? सोड्याची बाटली हलवून उघडली तर काय होतं ते बघा. खडबडीत रस्त्यावर शॉकमधलं तेल तसंच फेसाळतं, आणि फेस पिस्टनला अडवत नाही. दाबाखाली ठेवलं की फेस होत नाही. एका नळीच्या शॉकची उष्णताही लवकर बाहेर जाते, कारण तेल थेट बाहेरच्या पत्र्याला लागून असतं.

पण दाब फुकट येत नाही. ११ मिलिमीटर जाडीच्या रॉडवर २५ बार दाब म्हणजे रॉडला बाहेर ढकलणारा साधारण २४ किलोचा सतत जोर. पुढे विशबोनच्या मधे असल्यामुळे चाकापाशी त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त पोचतो. गाडी सात-आठ मिलिमीटर उचलली जाते. मागे शॉक चाकाच्या जास्त जवळ काम करतो, तिथे एक सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय सीलचं घर्षण जास्त, त्यामुळे बारीक खडबड अंगाला जाणवते. दोन नळ्यांच्या कमी दाबाच्या गॅस शॉकमध्ये हा जोर आठ-दहा किलोच्या आत राहतो आणि तुम्हाला कळतही नाही. तुमच्या गाडीत मागची बाजू थोडी वर दिसते असं तुम्ही लिहिलंत. त्यातला काही भाग नव्या पाट्यांचा असेल, काही या गॅसचा.

स्प्रिंगशी शॉक जुळवताना एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली म्हणून शॉक दुप्पट कडक लागत नाही. वर्गमुळाच्या प्रमाणात लागतो. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक, तर शॉक २० टक्क्यांनी. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ‘परफॉर्मन्स’ कॉइल बहुतेक मूळपेक्षा पंचवीस-तीस टक्के कडक असतात, म्हणजे शॉकला दहा-पंधरा टक्क्यांचीच वाढ पुरते. दुकानात मात्र ‘हेवी ड्यूटी’ म्हणून जे मिळतं ते अनेकदा याच्या किती तरी पुढे असतं, आणि त्यावर किती जोर हे लिहिलेलंही नसतं. जो कारखाना शॉकचा वेग आणि जोर यांचा आलेख देतो त्याच्यावर माझा भरवसा जास्त. आलेखात उघडतानाची रेघ सुरुवातीला चढून मग सपाट होत जाणारी दिसली तर तुमच्यासारख्या रस्त्याच्या वापराला ती उत्तम. शेवटपर्यंत चढत जाणारी असेल तर सांध्यांवर त्रास होणार.

तुमचा मित्र म्हणतो ते अ‍ॅडजस्टेबल शॉक वाईट नाहीत. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीने १९६५ च्या जीटी-३५० मस्टँगमध्ये कोनी कंपनीचे अ‍ॅडजस्टेबल शॉक कारखान्यातूनच घातले होते, आणि आजही लाल रंगाचे कोनी जुन्या गाड्यांवर उत्तम काम करतात. त्यांची खुबी अशी की फक्त उघडतानाचा जोर बदलता येतो, आणि अनेक वर्षांनी झीज झाली तर थोडं वाढवून ती भरून काढता येते. बदलण्यासाठी बहुतेक वेळा शॉक काढून पूर्ण दाबून फिरवावा लागतो, म्हणून लोक एकदाच, तेही अंदाजाने, कडक करून ठेवतात. तसं करू नका. सगळ्यात मऊ ठेवून बसवा, आठवडाभर चालवा, आणि गाडी उंचवट्यानंतर एकदा डोलून थांबते की दोन-तीनदा डोलते ते बघा. एकदा डोलून थांबली तर हात लावू नका. दोनदा डोलली तर अर्धा फेरा. बंपरवर दाबून सोडायची जुनी परीक्षा यात फार उपयोगाची नाही. पाट्यांचं आणि बुशचं घर्षण सगळं झाकून टाकतं.

दबतानाचा आणि उघडतानाचा जोर वेगवेगळा फिरवता येणारे दोन-दोन बटणांचे शॉकही मिळतात. ज्याच्याकडे ट्रॅकचा दिवस, वही आणि घड्याळ आहे त्याने ते घ्यावेत. तुम्हाला त्यातून फक्त चुकीच्या जागी ठेवायच्या शेकडो जोड्या मिळतील.

कॉइलओव्हरबद्दल माझं मत ठाम आहे: मागे तर अजिबात नको. पाट्याच्या गाडीत मागच्या शॉकचा वरचा माऊंट फक्त शॉकचा जोर झेलायला बनवलेला असतो, गाडीचं वजन नाही. १९७० च्या दशकात जाड टायर बसवण्यासाठी मागची बाजू हवेच्या शॉकने उचलायची टूम होती, गॅब्रिएलचे हायजॅकर त्यात फार प्रसिद्ध होते. त्या काळातल्या कितीतरी गाड्यांच्या मागच्या पत्र्यात माऊंटपाशी तडे सापडतात, आणि रिस्टोअर करणारे आजही ते वेल्डिंगने भरत असतात. तुमच्या गाडीत तिथे जुनं वेल्डिंग दिसतं का तेही एकदा बघा. पुढे कॉइलओव्हर बसू शकतात, त्यासाठी बनवलेले आर्म आणि ब्रॅकेट मिळतात, पण तुमच्या वापरात त्याने काही मिळणार नाही. खर्च मात्र अनेक पट. आणि ड्रॅग शर्यतीचे ‘नव्वद-दहा’ शॉक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ते पुढची बाजू झटकन उचलू देतात आणि सावकाश खाली येऊ देतात, म्हणजे सुटताना वजन मागच्या चाकांवर जावं. पाव मैलाच्या सरळ पट्ट्यासाठी ते ठीक आहे. मुलं मागे बसलेली असताना हायवेच्या वळणावर नाही.

मेळ्यात परीक्षकांसमोर गाडी ठेवायची असेल तर मूळ दिसणारे, अंगावर फिरत्या नक्षीच्या कडा असलेले डेल्को कंपनीच्या पद्धतीचे शॉक नव्याने बनवलेले मिळतात. दिसायला हुबेहूब आणि मूळ मऊ स्प्रिंगांवर चालायलाही बरे. तुमच्या बदललेल्या गाडीवर ते कमी पडतील.

टायर आणि बुश यांचं थोडक्यात. १७ इंची चाकांच्या टायरची बाजू बुटकी असते, मूळ एफ७०-१४ टायरमध्ये जो धक्का जिरायचा तो आता तुमच्या मणक्यापर्यंत येतो. टायरवर छापलेला जास्तीत जास्त दाब भरू नका. तुम्ही सांगितलेल्या ४० पीएसआयवरून ३० ते ३२ वर या आणि मग पुन्हा चालवून बघा. शॉकचे पैसे खर्च न करता अर्धा फरक कधी कधी इथेच दिसतो. रिस्टोअर करताना पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर त्यांना ग्रीस आहे का बघा. कोरडे झाले की ते घट्ट धरतात आणि शॉक कडक असल्याचा भास होतो. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. हवेत लोंबत्या चाकांनी आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी खाली बसत नाही, आणि वर्षभरात रबर फाटतं. अलाइनमेंटही आजच्या रेडियल टायरसाठी करून घ्या. कारखान्याच्या जुन्या पुस्तकातला कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) शून्याच्या जवळचा आहे, तो बायस टायरसाठी होता. विशबोनच्या शिम (मधे घालायच्या पातळ पट्ट्या) परवानगी देतील तेवढा, तीन अंशांपर्यंत, वाढवा. गाडी सरळ चालायला लागेल.

हे सगळं झाल्यावर तुमच्या गाडीसाठी मी काय निवडेन? पुढे मूळ उंचीच्या, पंचवीस टक्के कडक कॉइल आणि ड्रॉप स्पिंडल, मागे आहेत तेच पाटे चकत्या घालून. शॉक चारीही एकाच कुळातले: मऊ टोकाला ठेवलेले लाल कोनी, नाहीतर बिल्स्टाइनचे या गाडीसाठी झडपा जुळवलेले एका नळीचे. दोन्हींत मी तुमच्यासाठी कोनीकडे झुकेन, कारण मागची उंची आधीच वर आहे आणि बारीक खडबड तुम्हाला टोचते आहे. पैसे वाचवायचे असतील तर केवायबीचे दोन नळ्यांचे एक्सेल-जीही रविवारच्या फेरफटक्याला पुरेसे आहेत, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. त्यांच्याच गॅस-अ-जस्टवर मी तुम्हाला पाठवणार नाही. ते एका नळीचे, जास्त दाबाचे, आणि मऊ स्प्रिंगांवर फार कडक वाटतात. तुमच्या गाडीवर आत्ता असलेले शॉक याच जातीचे वाटतात.

बसवताना दोन नळ्यांचा शॉक आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि उघडा. पेटीत आडवा पडून आतल्या नळीत हवा गेलेली असते. तसाच बसवला तर पहिले काही दिवस तो मधेच ढिला वाटतो आणि लोक नवा शॉक खराब म्हणून परत करतात. पुढच्या शॉकच्या वरच्या नटाखालचं रबर वॉशरच्या कडेइतकं फुगलं की थांबा, त्यापुढे आवळू नका. बसवून झाल्यावर शंभर मैलांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

मातीची परीक्षा करा आणि पुढच्या-मागच्या एकेका कोपऱ्याची ती तीन मापं घ्या. त्यासोबत आत्ताच्या शॉकच्या नळीवर छापलेला पार्ट नंबर आणि कॉइलवर चिठ्ठी शिल्लक असेल तर तिच्यावरचा आकडा लिहून ठेवा. एवढं हातात आलं की कुठल्या लांबीचा शॉक मागायचा ते मी तुम्हाला अर्ध्या इंचापर्यंत सांगू शकेन.